संत थॉमस अक्वायनस : कायदा आणि सदसद्विवेक

२८ जानेवारी रोजी ख्रिस्तसभा संत थॉमस अक्वायनस यांचा सण साजरा करते. थोर ईशज्ञानी आणि कॅथलिक शाळा-महाविद्यालयांचे आश्रयदाते संत म्हणून आपण त्यांना ओळखतो. पवित्र साक्रामेंताच्या आराधनेच्या वेळी गायिले जाणारे 'तांतुम एर्गो' हे त्यांच्याच स्तोत्राचे अखेरचे भाग आहेत. परंतु राजा, प्रजा आणि कायदा यांविषयी त्यांनी जे लिहून ठेवले, त्याची माहिती आपल्यापैकी फार थोड्यांना असते.

थॉमस यांचा जन्म सुमारे १२२५ साली इटलीत, रोम आणि नेपल्स यांच्या दरम्यान रोक्कासेक्का येथील किल्ल्यात झाला. घराणे सरदारांचे, सम्राट दुसरा फ्रेडरिक याच्या चाकरीतले. पाच वर्षांच्या थॉमस यांना मोंते कसिनो येथील बेनेडिक्टाईन मठात ठेवण्यात आले. पुढे मुलाने तेथील मठाधिपती व्हावे असा घरच्यांचा बेत होता. पण सम्राट आणि पोप नववे ग्रेगरी यांचे वैर पेटले. १२३९ साली सम्राटाच्या सैन्याने मठ ताब्यात घेतला आणि थॉमस शिक्षणासाठी नेपल्सला गेले.

नेपल्सच्या विद्यापीठात ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल याच्या ग्रंथांशी त्यांची ओळख झाली. तेथेच भिक्षा मागून जगणारे डॉमिनिकन व्रतस्थ त्यांना भेटले. १२४४ साली थॉमस यांनी त्यांचा झगा अंगावर चढविला. सरदाराच्या मुलाने दारोदार भीक मागावी हे घरच्यांना कसे रुचणार? भावांनी त्यांना वाटेत पकडून आणले व सुमारे वर्षभर किल्ल्यात अडकवून ठेवले. समजावणे झाले, धाक दाखविणे झाले; थॉमस पवित्र शास्त्र वाचत राहिले. अखेर १२४५ साली घरच्यांनी हात टेकले.

दुसऱ्याच वर्षी त्या घरावर संकट कोसळले. थॉमस यांचा भाऊ रिनाल्दो पूर्वी सम्राटाच्या सेवेत होता. नंतर तो पोपच्या बाजूला गेला. १२४६ साली सम्राटाने त्याला देहदंड दिला. सत्ताधीशाचा कोप म्हणजे काय, हे या घराने असे भोगले.

पुढे कोलोन शहरात संत आल्बर्ट यांच्याकडे थॉमस शिकले. देह स्थूल, बोलणे कमी. म्हणून सोबती त्यांना मुका बैल म्हणत. या बैलाची डरकाळी एक दिवस साऱ्या जगाला ऐकू येईल, असे आल्बर्ट यांनी सांगितले होते. ते खरे ठरले. १२५६ साली थॉमस पॅरिस विद्यापीठात आचार्य झाले. फ्रान्सचे राजे संत लुई यांच्या पंगतीला बसले असताना ते विचारात इतके गढून गेले, की उत्तर सापडताच त्यांनी मेजावर जोराने मूठ आपटली. राजे रागावले नाहीत. तो विचार हरवू नये म्हणून त्यांनी लेखनिकाला बोलावून घेतले, असे सांगतात.

राज्यकारभारावर सायप्रसच्या राजासाठी त्यांनी एक ग्रंथ लिहावयास घेतला. तो अपुरा राहिला. त्यांचे मुख्य विचार 'सुम्मा थिओलॉजिए' या महाग्रंथात आहेत. कायदा कशाला म्हणावे? थॉमस यांनी चार कसोट्या दिल्या. तो विवेकाला धरून असावा. सर्वांच्या हितासाठी असावा. ज्याच्यावर समाजाची जबाबदारी आहे त्यानेच तो करावा. आणि तो लोकांना जाहीर केलेला असावा. राजाची नुसती मर्जी म्हणजे कायदा नव्हे.

मग अन्यायी कायद्याचे काय? राज्यकर्त्याने स्वतःच्या लोभासाठी केलेला, अधिकाराबाहेर जाऊन केलेला किंवा लोकांवर विषम भार टाकणारा कायदा हा कायदा नसून बळजबरी आहे, असे ते सांगतात. तो सदसद्विवेकाला बांधून ठेवत नाही. तरीही समाजात गोंधळ माजू नये म्हणून माणसाने कधी कधी आपला हक्क सोडावा, हेही ते सुचवितात. मात्र देवाच्या आज्ञेविरुद्धचा हुकूम कधीही पाळू नये. जुलमी राजाला हटविण्याविषयीही त्यांनी सावध केले आहे : एकट्याने मनाला येईल तसे शस्त्र उचलू नये, आणि जुलमापेक्षा मोठी हानी ओढवून घेऊ नये.

कायद्याच्या अक्षराला चिकटून त्याचा हेतू मारू नये, यासाठी त्यांनी एक सुंदर उदाहरण दिले आहे. शहराला शत्रूचा वेढा पडला आहे. वेशीचे दरवाजे बंद ठेवावेत असा नियम आहे. पण शहराचे रक्षण करणारे आपलेच लोक बाहेर आहेत आणि शत्रू त्यांच्या मागे लागला आहे. अशा वेळी दरवाजा उघडणे हेच कायद्याचे खरे पालन होय. तसेच, प्राणांतिक गरजेत सापडलेल्या माणसाने जगण्यासाठी दुसऱ्याचे घेतले तर ती चोरी ठरत नाही, असेही त्यांनी लिहिले. श्रीमंतांच्या पंगतीत बसलेल्या संताला उपाशी माणसाचा विसर पडला नव्हता.

अर्थात, थॉमस हे तेराव्या शतकातले होते. पाखंडी मतावर अडून बसणाऱ्यांना राजसत्तेने देहदंड द्यावा, हे त्यांनी मान्य केले होते. आज ख्रिस्तसभा धर्मस्वातंत्र्याचा पुरस्कार करते आणि २०१८ साली तिने आपल्या धर्मशिक्षणग्रंथात मृत्युदंड अस्वीकारार्ह ठरविला. संतांचे मोठेपण मान्य करूनही त्यांची प्रत्येक गोष्ट आपण उचललीच पाहिजे असे नाही.

६ डिसेंबर १२७३ रोजी मिस्सा अर्पण करताना थॉमस यांना काही विलक्षण अनुभव आला. त्यानंतर त्यांनी लेखणी खाली ठेवली. आपण लिहिलेले सारे त्यांना गवताच्या काडीसारखे वाटू लागले. लियोंच्या धर्मपरिषदेला जात असता ते आजारी पडले आणि ७ मार्च १२७४ रोजी फोसानोव्हाच्या मठात त्यांनी प्राण सोडला. १३२३ साली ते संत म्हणून घोषित झाले. १९६३ साली अमेरिकेत वर्णभेदाविरुद्ध लढताना तुरुंगात गेलेल्या मार्टिन ल्यूथर किंग यांनी आपल्या पत्रात अन्यायी कायद्याविषयी लिहिताना थॉमस यांचाच आधार घेतला.

आपणही मतदान करतो, सोसायटीत, संस्थेत, धर्मग्रामाच्या मंडळात नियम करतो. तो नियम विवेकाला धरून आहे का? सर्वांच्या हिताचा आहे का? त्याचा भार गरिबावरच तर पडत नाही ना? हात वर करण्यापूर्वी एवढे स्वतःला विचारले, तरी या संताचा सण आपण खऱ्या अर्थाने साजरा केला असे होईल.

संत थॉमस अक्वायनस, आमच्यासाठी विनंती कर.