क्रॉफर्ड आणि मामलेदारांना दिलेला शब्द

मुंबईच्या महात्मा जोतिबा फुले मंडईला आजही बहुतेक मुंबईकर क्रॉफर्ड मार्केट असेच म्हणतात. हे क्रॉफर्ड कोण, हे मात्र क्वचितच कोणाला ठाऊक असते.

आर्थर ट्रॅव्हर्स क्रॉफर्ड यांचा जन्म १८३५ चा. सनदी सेवेतून हिंदुस्थानात आलेला हा कर्तबगार अधिकारी १८६५ मध्ये मुंबईचा पहिला म्युनिसिपल कमिशनर झाला. शहराच्या स्वच्छतेला त्याने शिस्त लावली. १८६९ मध्ये मंडई बांधून पूर्ण झाली. हात मात्र सैल होता. खर्च भरमसाट वाढला, करदाते खवळले आणि १८७१ मध्ये त्याला पद सोडावे लागले. त्या वादात तरुण फिरोजशहा मेहता त्याच्या बाजूने उभे राहिले होते.

पुढे क्रॉफर्ड पुण्यात मध्य विभागाचा कमिशनर झाला. मामलेदारांच्या नेमणुका, बढत्या व बदल्या त्याच्या हाती होत्या. सोयीचा तालुका हवा तर पैसे मोजावेत, अशी कुजबुज वाढत गेली. मध्यस्थ म्हणून हणमंतराव जहागीरदारांचे नाव घेतले जाई. १८८८ मध्ये गव्हर्नर लॉर्ड रे यांनी चौकशी आरंभली.

खरी अडचण येथे होती. लाच दिल्याचे सांगू शकणारे साक्षीदार स्वतःच गुन्हेगार ठरत होते. १८७२ च्या पुरावा कायद्याचे कलम १३२ साक्षीदाराला उत्तर टाळू देत नसे; बदल्यात सक्तीने घेतलेले उत्तर त्याच्यावर उलटणार नाही, एवढीच हमी देई. खोट्या साक्षीचा खटला तेवढा त्यास अपवाद. शिवाय ज्याने आक्षेप न घेता उत्तर दिले त्याला हे कवच नाही, असे मद्रास उच्च न्यायालयाने १८८१ मध्ये बहुमताने ठरवले होते. अन्य पुराव्यावर खटला भरण्यास, अथवा नोकरीवरून काढण्यास, या कलमाची आडकाठी नव्हतीच. म्हणून मुंबई सरकारने मामलेदारांना अभयवचन दिले आणि त्या भरवशावर ते बोलले.

न्यायमूर्ती विल्सन यांच्या त्रिसदस्य आयोगाने लाचखोरी सिद्ध मानली नाही. हाताखालच्या मुलखातील लोकांकडून कर्जे घेतल्याचा ठपका मात्र ठेवला. १८८९ मध्ये क्रॉफर्ड बडतर्फ झाला. हणमंतरावांना शिक्षा झाली.

मग रोख मामलेदारांकडे वळला. लाच दिल्याचे कबूल करणाऱ्यांनी न्यायासनावर बसावे कसे, असा प्रश्न विलायतेत विचारला जाऊ लागला. प्रश्न गैरवाजवी नव्हता. परंतु वचन देऊन साक्ष काढायची आणि काम होताच वचन विसरायचे, हे त्याहून गैर होते. लोकमान्य टिळकांनी नेमके हेच मांडले. सप्टेंबर १८८९ मध्ये पुण्यात भरलेल्या सभेत त्यांनी, लाचेचे समर्थन न करता, सरकारने आपला शब्द पाळावा असा आग्रह धरला.

त्याच वर्षी खास कायदा होऊन साक्षीदारांना खटल्यांपासून संरक्षण मिळाले. नोकरीचे संरक्षण मात्र सर्वांना लाभले नाही. दडपणाखाली पैसे दिलेले राहिले, स्वखुशीने दिलेले काढले गेले. वचन देताना असा भेद केलेला नव्हता.

क्रॉफर्ड इंग्लंडला परतला. तेथे त्याने हिंदुस्थानातील आठवणींवर पुस्तके लिहिली. त्यातील एक, १८९७ चे, पुणे आणि दख्खनविषयी आहे. १९११ मध्ये तो वारला. कलम १३२ मधील तरतूद २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे.