हावर्थच्या पाळकाची कन्या व तिचे चाहते

इंग्लंडातील यॉर्कशायर परगण्यात, उजाड माळरानाच्या कडेस, हावर्थ नावाचे डोंगराळ खेडे आहे. तेथील पाळक रे. पॅट्रिक ब्राँटी हे आयर्लंडातील गरीब घरचे. त्यांची कन्या शार्लट २१ एप्रिल १८१६ रोजी जन्मली. ती पाच वर्षांची असता आई वारली, व १८२५ साली दोघी वडील बहिणीही गेल्या. उरलेली चार भावंडे इवल्याशा वह्या शिवून त्यांत गोष्टी लिहीत असत.

१८४६ साली शार्लट, एमिली व ॲन या तिघींनी टोपणनावे घेऊन आपल्या कविता पदरच्या पैशाने छापविल्या. प्रती खपल्या अवघ्या दोन! परंतु पुढच्याच वर्षी शार्लटची ‘जेन एअर’ ही कादंबरी निघाली, आणि एका पोरक्या, रूपाने साध्या अशा शिक्षिकेची ती कथा घरोघर वाचली गेली. लेखक पुरुष की स्त्री, असा वाद माजला. पुढे सप्टेंबर १८४८ ते मे १८४९ या नऊ महिन्यांत भाऊ व दोघी बहिणी मरण पावल्या. तिचे खरे नाव फुटल्यावर परके लोक तिला पाहावयास टेकडी चढून येऊ लागले. पण ती स्वभावाने भिडस्त होती. १८५४ साली तिने वडिलांच्या मदतनीस पाळकाशी लग्न केले, व ३१ मार्च १८५५ रोजी ती निवर्तली.

सहाही लेकरे मातीआड झालेल्या त्या वृद्ध पित्याकडे चाहत्यांची पत्रे येत. तिच्या हातचे अक्षर तेवढे पाठवा, अशी त्यांची मागणी असे. म्हाताऱ्याने कन्येची पत्रे कात्रीने कापून त्यांचे तुकडे वाटले. हे कळले तेव्हा आम्हांस प्रथम त्या मागणाऱ्यांचा राग आला, आणि थोडा त्यांचाही. परंतु मेलेल्या लेकराचे नाव कोणी प्रेमाने काढले, तर कोणता बाप त्यास रित्या हाताने लावील?

शार्लटची मैत्रीण एलिझाबेथ गॅस्केल ही मँचेस्टरच्या एका पाळकाची पत्नी व स्वतः कादंबरीकार. पॅट्रिक यांच्याच विनंतीवरून तिने १८५७ साली शार्लटचे चरित्र लिहिले. सखीच्या कैवारात तिने त्यांना फार कठोर रंगविले. तरी त्यांनी वैर धरले नाही. ते १८६१ साली वारले.

१८९३ साली चाहत्यांनी ब्राँटी सोसायटी स्थापिली, व १९२८ साली पाळकाचे ते घर संग्रहालय म्हणून खुले झाले. शार्लटने चौदाव्या वर्षी लिहिलेली काड्यापेटीएवढी एक वही २०१९ साली पॅरिसच्या लिलावात निघाली. तेव्हा अनेक वाचकांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे वर्गणी घातली, आणि सोसायटीने सहा लक्ष युरोची बोली करून ती वही हावर्थला परत आणली.