बाटलीतले रक्त आणि बाटलीवरची चिठ्ठी

रक्तपेढीतील पिशवीवर जी चिठ्ठी चिकटवलेली असते तिच्यावर रक्तगट असतो, तारीख असते, तपासण्यांचा निर्वाळा असतो. दात्याची जात वा वर्ण तिच्यावर नसतो. ही गोष्ट आज इतकी स्वाभाविक वाटते की, तीत कोणाला काही विशेष दिसणार नाही. परंतु लोकशाहीसाठी आपण लढत आहोत असे जगाला सांगणाऱ्या एका राष्ट्रात, ऐन दुसऱ्या महायुद्धात, गोऱ्यांचे रक्त आणि काळ्यांचे रक्त वेगळे ठेवले जात होते. रक्त साठवण्याची आणि दूरवर धाडण्याची व्यवस्था त्या राष्ट्राला ज्याने घालून दिली, तो माणूस स्वतः कृष्णवर्णीय होता. त्याचे नाव डॉ. चार्ल्स रिचर्ड ड्रू.

ड्रू यांचा जन्म ३ जून १९०४ रोजी वॉशिंग्टन येथे झाला. वडील गालिचे बसविण्याचे काम करीत. घरात सुस्थिती होती, श्रीमंती नव्हती. अ‍ॅमहर्स्ट महाविद्यालयात त्यांना प्रवेश मिळाला तो मैदानावरील कर्तबगारीच्या बळावर. १९२६ साली पदवी हाती आली तेव्हा डॉक्टर होण्याची इच्छा होती, पण पैसा नव्हता. म्हणून बाल्टिमोरच्या मॉर्गन महाविद्यालयात दोन वर्षे त्यांनी शिक्षकी केली आणि मुलांना खेळही शिकवले. अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालयांत कृष्णवर्णीयांना मिळणाऱ्या जागा बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. ड्रू यांनी मग सरळ देशाची सीमा ओलांडून कॅनडातील मॅकगिल विद्यापीठ गाठले. १९३३ साली १३७ विद्यार्थ्यांत दुसरा क्रमांक मिळवून ते बाहेर पडले. तेथेच जॉन बीटी या ब्रिटिश अध्यापकामुळे रक्तसंक्रमणाच्या प्रश्नाकडे त्यांचे लक्ष वेधले गेले.

हा प्रश्न काय होता हे नीट समजून घेतले पाहिजे. रक्ताचे गट १९०१ साली लँडस्टायनर यांनी दाखवून दिले होते. सोडियम सायट्रेट मिसळले म्हणजे रक्त गोठत नाही, हे १९१४च्या सुमारास कळले. त्यात ग्लुकोज घातल्यास ते अधिक टिकते, हे १९१६ साली राउस आणि टर्नर यांनी सिद्ध केले, आणि पुढच्याच वर्षी रॉबर्टसन यांनी फ्रान्सच्या रणभूमीवर असे रक्त साठवून वापरले. तरीही साठवण ही बेभरवशाचीच राहिली. याचे कारण तांबड्या पेशीच्या घडणीत आहे. ही पेशी म्हणजे प्राणवायू वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनने भरलेली एक लवचीक चकतीच म्हणावी. तिला केंद्रक नाही, त्यामुळे झीज भरून काढण्याचे साधन नाही. ग्लुकोजच्या विघटनातून मिळणाऱ्या थोड्या ऊर्जेवर ती शरीरात सुमारे १२० दिवस तग धरते. बाटलीत तिचे हाल होतात. थंडीने तिचा व्यवहार मंदावतो खरा, पण आम्लता वाढते, पोटॅशियम बाहेर झिरपते, आवरण ताठर होते आणि अखेर ती फुटते. असे शिळे रक्त रोग्याला दिले तर जीवनदानाऐवजी अपायच व्हायचा.

१९३८ साली रॉकफेलर शिष्यवृत्ती घेऊन ड्रू न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले आणि जॉन स्कडर यांच्यासमवेत याच झिजेचा हिशेब मांडू लागले. कोणते द्रव्य मिसळावे, तापमान किती ठेवावे, फार काय, बाटलीचा आकार कसा असावा, येथपर्यंत त्यांनी प्रयोग केले. १९३९च्या ऑगस्टमध्ये तेथे प्रायोगिक रक्तपेढी उघडली. १९४० साली त्यांनी साठवलेल्या रक्तावरील प्रबंध सादर केला आणि कोलंबियाची ती उच्च वैद्यकीय पदवी मिळविणारे ते पहिले कृष्णवर्णीय ठरले. त्याच वर्षी जन्मलेल्या कन्येला घरात बीबी म्हणत. ब्लड बँकेची ही आद्याक्षरे!

रक्तपेढीचे जनक म्हणून त्यांचा गौरव पुष्कळदा केला जातो. तो अचूक नाही. साठवलेल्या रक्ताचा वापर रशियात आधीच सुरू झाला होता आणि पेढी हे नाव १९३७ साली शिकागोत फँटस यांनी रूढ केले. ड्रू यांचे श्रेय निराळे, आणि आमच्या मते अधिक मोलाचे आहे. विखुरलेल्या प्रयोगांना त्यांनी शिस्तबद्ध कारभाराचे रूप दिले. ज्याने कधी दप्तर सांभाळले आहे त्याला हे काम किती कठीण असते ते सांगायला नको.

ही कसोटी लगेचच आली. १९४०च्या उन्हाळ्यात ब्रिटनवर बाँबवर्षाव होत होता. बीटी आता ब्रिटनमध्ये होते आणि त्यांनी आपल्या जुन्या शिष्याकडे रक्तद्रवाची मागणी केली. तांबड्या पेशी सातासमुद्रापार टिकण्यासारख्या नव्हत्या. रक्तातून त्या काढून उरणारा रक्तद्रव मात्र दीर्घकाळ टिके, आणि रक्तस्रावाने कोसळलेल्या माणसाचा रक्तदाब सावरण्यास तो उपयोगी पडे. न्यूयॉर्कमधील रुग्णालये तो आपापल्या पद्धतीने तयार करीत. त्यात जंतू शिरण्याचे भय मोठे. ड्रू यांनी सर्वांना एकच पद्धत लावून दिली आणि प्रत्येक साठ्याची निर्जंतुकता तपासूनच तो बाहेर जाऊ दिला. जानेवारी १९४१ मध्ये ही योजना संपली तोवर साडेचौदा हजारांवर लोकांनी रक्त दिले होते आणि ५,००० लिटरहून अधिक रक्तद्रव ब्रिटनला रवाना झाला होता. यानंतर रेड क्रॉसने लष्करासाठी जो प्राथमिक प्रकल्प हाती घेतला, त्यातही ड्रू साहाय्यक संचालक होते. फिरत्या गाड्यांतून रक्त गोळा करण्याची प्रथा त्यातच रुजली.

आणि मग तो नियम आला. १९४१च्या अखेरीस लष्करासाठीच्या रक्तदानातून कृष्णवर्णीयांना वगळण्यात आले. ओरड झाली तेव्हा जानेवारी १९४२ मध्ये त्यांचे रक्त स्वीकारण्याचे ठरले, पण ते वेगळे ठेवण्याच्या अटीवर. याच्या निषेधार्थ ड्रू यांनी राजीनामा फेकला, अशी कथा सांगितली जाते. ती खरी नाही. एप्रिल १९४१ मध्येच ते हॉवर्ड विद्यापीठात परतले होते. परंतु या भेदाला विज्ञानाचा काडीचाही आधार नाही, हे त्यांनी जाहीरपणे सांगितले, हे निर्विवाद आहे.

येथे एक शंका उपस्थित होऊ शकते. रक्तगटांचे प्रमाण निरनिराळ्या लोकसमूहांत कमीअधिक असते हे खरेच आहे. १९५२ साली डॉ. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी जगापुढे आणलेला बाँबे गट आपल्याकडे इतरत्रांपेक्षा अधिक आढळतो. पण प्रमाण ही समूहाची गोष्ट झाली. समोरच्या बाटलीतले रक्त कोणत्या गटाचे आहे हे तपासणीच सांगते. दात्याच्या कातडीवरून ते कळत नाही. शिवाय ज्या रक्तद्रवावरून हा वाद चालला होता त्यात तांबड्या पेशी नव्हत्याच!

हॉवर्डमध्ये ड्रू शल्यचिकित्सा विभागाचे प्रमुख झाले. पुढील नऊ वर्षांत अमेरिकन शल्यचिकित्सा मंडळाची मान्यता मिळविणाऱ्या कृष्णवर्णीय डॉक्टरांपैकी निम्म्याहून अधिक त्यांचे शिष्य होते. ते स्वतः त्या मंडळाचे परीक्षक होते, पण त्यांच्याच शहरातील वैद्यकीय संघटनेची दारे त्यांना बंद होती. १९४७ साली त्यांनी याबद्दल राष्ट्रीय संघटनेकडे दाद मागितली. उपयोग झाला नाही.

१ एप्रिल १९५० रोजी तीन डॉक्टरांसह टस्कीगी येथील वैद्यकीय शिबिराला जाताना नॉर्थ कॅरोलायनात गाडी चालवीत असता त्यांना डुलकी लागली व गाडी उलटली. पंचेचाळीसाव्या वर्षी त्यांचा अंत झाला. काळे म्हणून त्यांना रक्त नाकारले गेले, ही आख्यायिका आजही ऐकू येते. वस्तुतः जवळच्या रुग्णालयात गोऱ्या डॉक्टरांनी त्यांच्यावर शर्थीचे उपचार केले. सोबतच्या डॉक्टरांनीच तशी ग्वाही दिली आहे. मात्र लोकांनी ती आख्यायिका का खरी मानली हे कळणे अवघड नाही. त्याच वर्षी डिसेंबरात, त्याच भागात अपघातात सापडलेल्या एका कृष्णवर्णीय तरुणाला एका मोठ्या रुग्णालयाने जागा नसल्याचे सांगून पुढे धाडले आणि तो दगावला.

रेड क्रॉसने रक्ताची वर्णवार विभागणी बंद केली ती १९५० सालीच, ड्रू यांच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी. अमेरिकन शल्यचिकित्सक महाविद्यालयाने त्यांना आपले सदस्यत्व दिले ते १९५१ साली.