शंकर बाळकृष्ण दीक्षित आणि कृत्तिकांचा पुंज

ज्या थोर पुरुषांनी आपल्या मराठी भाषेत ज्योतिषशास्त्राचा पाया घातला, त्यांत कैलासवासी शंकर बाळकृष्ण दीक्षित ह्यांचे नाव अग्रभागी येते. ह्यांस मृत्यू येऊन शंभराहून अधिक वर्षे लोटली. तथापि ज्याने म्हणून आकाशाकडे जिज्ञासेने पाहिले, त्यास त्यांच्या ग्रंथांचे ऋण आजही मान्य करावे लागते. ते कोणी श्रीमंत गृहस्थ नव्हते व कोणत्याही वेधशाळेचे अधिकारीही नव्हते. ते शाळामास्तर होते. आमच्या वाचकांत खेड्यांतील शिक्षक व उपदेशक पुष्कळ आहेत; त्यांस हे चरित्र आपल्यांतल्याच एकाचे वाटेल, म्हणून ते येथे थोडक्यात देत आहो.

दीक्षितांचा जन्म सन १८५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात दापोलीजवळच्या मुरुड गावी झाला. घरची स्थिती बेताची असल्यामुळे मोठ्या कॉलेजात जाऊन पदवी मिळविण्याचा योग त्यांस आला नाही. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात त्यांनी शिक्षकाचा अभ्यास पुरा केला, पुढे मॅट्रिकची परीक्षा दिली, आणि मग सारा जन्म शाळाखात्याच्या चाकरीत घालविला. रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे अशी गावे बदलीच्या हुकुमाप्रमाणे पालटत अखेरीस ते पुण्यास ट्रेनिंग कॉलेजात आले. दिवसा मुलांस शिकवावे व उरलेल्या वेळी जुने सिद्धान्तग्रंथ आणि नवे युरोपीय गणित ह्यांचा मेळ घालावा, असा त्यांचा क्रम असे.

त्या काळी पंचांगांची स्थिती अशी होती की, त्यांत छापलेले गणित व आकाशात दिसणारी वस्तुस्थिती ह्यांत अंतर पडू लागले होते. पंचांगात संक्रांत एका दिवशी असावी व सूर्य उत्तरेकडे वळण्याचा खरा दिवस त्याच्या तीन आठवडे आधीच होऊन जावा, हा भेद तर आजही कोणास ताडून पाहता येईल. विसाजी रघुनाथ लेले व जनार्दन बाळाजी मोडक ह्या विद्वानांच्या सोबतीने दीक्षितांनी सायन पंचांग चालविले. म्हणजे ऋतू जसे प्रत्यक्ष पडतात, त्यांस धरून चालणारे पंचांग काढले. लोकांनी ते फारसे स्वीकारले नाही. परंतु जे लिहिलेले आहे ते आकाशाशी ताडून पाहावे, हा जो त्यांचा बाणा, तो त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही.

ह्याच बाण्यामुळे त्यांची कीर्ती परदेशापर्यंत गेली. फ्लीट साहेब गुप्त राजांचे शिलालेख वाचीत असता, त्यांतील तिथी व वार जुळतात की नाही हे गणिताने ठरविण्याचे काम दीक्षितांनी केले. मध्य प्रदेशातील एरण येथील स्तंभावर गुप्त वर्ष १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार असा काळ कोरलेला आहे. तो सन ४८४ च्या जून महिन्याची २१ तारीख होय, असे गणिताने निघाले. आणि गुप्त शकाचा आरंभ सन ३१९-२० मध्ये धरावा, ह्या मतास मोठाच आधार मिळाला. फ्लीट साहेबांचा तो ग्रंथ सन १८८८ मध्ये निघाला. पुढे सन १८९६ मध्ये रॉबर्ट स्यूएल साहेब व दीक्षित ह्या दोघांच्या नावे हिंदी पंचांगपद्धतीवरील इंग्रजी ग्रंथ लंडन येथे प्रसिद्ध झाला.

परंतु आम्हांस विशेष सांगावयाचे आहे ते कृत्तिकांविषयी. कृत्तिका म्हणजे आकाशातील तारकांचा एक लहानसा घोस. साध्या दृष्टीस त्यांत सहा तारका दिसतात, तीक्ष्ण दृष्टीच्या माणसास सात किंवा अधिकही दिसतात. पवित्र शास्त्रात ईयोबाच्या पुस्तकात ह्यांचा उल्लेख आहे, हे आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. शतपथ ब्राह्मण नावाच्या प्राचीन वैदिक ग्रंथात, कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, इतर नक्षत्रे मात्र ढळतात, अशा अर्थाचे एक वाक्य आहे. हे वाक्य शेकडो पंडितांच्या वाचनात आले असेल. दीक्षितांनी ते वाचले आणि आकाशाकडे पाहिले. तेव्हा त्यांस दिसले की, आज तर कृत्तिका पूर्वेस उगवत नाहीत, त्या बऱ्याच उत्तरेकडे सरून उगवतात.

मग ग्रंथ खोटा की आकाश बदलले? ह्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी असे दिले. आकाशाच्या विषुववृत्तावर जी तारका असते, तीच ठीक पूर्वेस उगवते. आता मुलांचा भोवरा फिरताना त्याची मान जशी हळूहळू वर्तुळात डोलते, तसा पृथ्वीचा आसही डोलत असतो. हे एक डोलणे पुरे होण्यास सुमारे २६,००० वर्षे लागतात, म्हणजे दर ७२ वर्षांस सुमारे एक अंश सरकते. ह्यास अयनचलन म्हणतात. ह्या चलनामुळे तारकांची उगवण्याची जागा युगायुगांत बदलत जाते. तेव्हा कृत्तिका नेमक्या विषुववृत्तावर केव्हा होत्या, हे गणिताने काढता येते. आणि तो काळ ख्रिस्तापूर्वी सुमारे ३,००० वर्षे निघतो. हा विचार त्यांनी सन १८९५ मध्ये इंडियन अँटिक्वरी ह्या मासिकात मांडला. त्याच्या दोनच वर्षे आधी लोकमान्य टिळकांनी मृग नक्षत्रावरून वेदकाल ठरविणारा आपला ओरायन हा ग्रंथ प्रसिद्ध केला होता. असा तो काळ आकाशाच्या आधारे इतिहास शोधण्याच्या उमेदीचा होता.

सत्यास धरून येथे हेही सांगितले पाहिजे की, दीक्षितांचे हे अनुमान सर्वांस मान्य झाले नाही. त्या वाक्याचा अर्थ कृत्तिका पूर्वेच्या बाजूस बराच वेळ दिसतात एवढाच असावा, असे काही पाश्चात्त्य पंडितांचे मत पडले. कित्येकांनी म्हटले की, वाक्य जुन्या आठवणीचे असेल, पण ग्रंथ पुष्कळ अलीकडचा आहे. हा वाद अद्याप मिटलेला नाही. तरी गणित चुकले असे कोणी म्हणत नाही. वाद आहे तो शब्दांच्या अर्थाचा. आणि सर्वांच्या डोळ्यांपुढे असलेल्या तारकापुंजात एवढी जुनी साक्ष दडलेली असू शकते, हे प्रथम दाखविण्याचा मान त्या शाळामास्तरांचाच आहे.

सामान्य मराठी वाचकांस आकाशाची ओळख व्हावी म्हणून त्यांनी ज्योतिर्विलास नावाचे सोपे पुस्तक लिहिले. रात्रीच्या दोन घटका, म्हणजे पाऊण तासाच्या आसपासचा वेळ, किती आनंदात जाऊ शकतो हे त्यात दाखविले आहे. त्यांचा मुख्य ग्रंथ भारतीय ज्योतिःशास्त्र हा सन १८९६ मध्ये छापून निघाला. वेदकाळापासून आपल्या काळापर्यंतच्या ज्योतिषाचा एवढा सविस्तर इतिहास त्यापूर्वी कोणी लिहिला नव्हता. ह्यानंतर दोनच वर्षांनी, सन १८९८ मध्ये, वयाची पंचेचाळीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच ते निवर्तले. भारत सरकारने त्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर सन १९६९ व १९८१ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध केले. आणि २२ मार्च १९५७ पासून चालू झालेली राष्ट्रीय दिनदर्शिका ऋतूंस धरूनच, म्हणजे सायन मानाने, आखलेली आहे.

दीक्षितांचा हा शोध साध्या डोळ्यांचा व गणिताचा होता. त्यास दुर्बीण लागली नाही. परंतु आज ज्यास द्विनेत्री, म्हणजे दोन्ही डोळ्यांनी एकदम पाहण्याची लहान दुर्बीण मिळेल, त्यास त्यांच्या कृत्तिकांचे आणखी वैभव दिसेल. आपल्या वाशीम जिल्ह्यात रिसोड, मालेगाव, मानोरा ह्या बाजूंच्या शेतांत दिव्यांचा उजेड अजून थोडा आहे. तुरीच्या राखणीस जागलीवर जाणाऱ्यास तर रात्रभर आकाशाचीच सोबत असते. सातपट मोठे दाखविणारी व ५० मिलिमीटर भिंगांची दुर्बीण ह्या कामास उत्तम. कार्तिकी पौर्णिमेस चंद्रच कृत्तिकांजवळ असतो, म्हणून त्या रात्री त्या फिक्या पडतात. कार्तिक अमावास्येच्या सुमारास पाहावे. बाजेवर उताणे पडून, कोपरे टेकवून, डोळ्यांस अर्धा तास अंधाराची सवय होऊ द्यावी. सहाच्या जागी कित्येक डझन निळसर तारका दिसतील. गॅलिलिओने सन १६१० मध्ये आपल्या दुर्बिणीने छत्तीस मोजून चित्र काढले होते. आजच्या मोजणीप्रमाणे त्या पुंजात हजारावर तारे आहेत, आणि त्यांचा प्रकाश आपणांपर्यंत येण्यास सुमारे ४४० वर्षे लागतात.

त्याच रात्री उशिरा मृग वर आला म्हणजे, ज्यास कित्येक ठिकाणी तिकांडे म्हणतात त्या तीन तारकांच्या खाली एक धुरकट ठिपका दिसेल. तो तेजोमेघ होय, व त्यात नवे तारे जन्मत असतात. उत्तरेच्या बाजूस देवयानीत लांबट पांढुरका डाग दिसेल. ती आपल्या आकाशगंगेसारखी दुसरी आकाशगंगा असून तिचा प्रकाश येण्यास सुमारे २५ लाख वर्षे लागतात. माघ-फाल्गुनात पुष्य नक्षत्रातील पुंज पाहावा. तो वाशीमच्या जवळजवळ डोक्यावरूनच जातो, आणि साध्या डोळ्यांस जो कापसाच्या पिंजेसारखा भासतो तो दुर्बिणीत तारकांचा थवा होतो. वैशाखात मध्यरात्रीच्या सुमारास आग्नेयेस वृश्चिकाच्या नांगीजवळ असेच दोन पुंज सापडतात. मात्र सूर्याकडे दुर्बीण कधीही लावू नये. तेणेकरून डोळे कायमचे जातात.

आणि ज्याजवळ दुर्बीण नाही त्यानेही दीक्षितांचा पडताळा घ्यावा. मार्चच्या २१ तारखेस किंवा सप्टेंबरच्या २३ तारखेस सूर्य जेथे उगवेल, तेथे बांधावरचे एखादे झाड खुणेस धरावे. ती खरी पूर्व होय. मग आश्विन अमावास्येच्या सुमारास, संध्याकाळी सात-साडेसाताच्या पुढे, कृत्तिका क्षितिजावर येताना पाहाव्या. हात लांब करून मूठ धरली असता, त्या खुणेपासून दोन-अडीच मुठी डावीकडे, म्हणजे उत्तरेकडे, त्या दिसतील. तेवढे सरकण्यास त्यांस सुमारे पाच हजार वर्षे लागली आहेत.