प्लेगची सुटी आणि न्यूटन

२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी सुरू झाली आणि कचेऱ्या, शाळा, महाविद्यालये एकाएकी लोकांच्या घरात येऊन बसली. त्या दिवसांत उपदेशाला तोटा नव्हता. सक्तीच्या एकांताचे सोने करावे, हे पटविण्यासाठी जगभर एकच दाखला पुन:पुन्हा दिला जात होता, तो आयझॅक न्यूटनचा. १६६५ साली प्लेगमुळे केंब्रिज विद्यापीठ ओस पडले, बावीस वर्षांचा न्यूटन आपल्या खेड्यात परतला आणि पुढल्या दीड-दोन वर्षांत त्याने कलनशास्त्र, प्रकाशाचा सिद्धान्त आणि गुरुत्वाकर्षण ही तीन रत्ने हस्तगत केली, अशी ती कथा. तिच्यात तथ्य पुष्कळ आहे. परंतु घरी अडकून पडलेल्या कारकुनाला, शिक्षिकेला किंवा विद्यार्थ्याला तिच्यावरून जो धडा देण्यात आला, तो न्यूटनच्या चरित्रातून निघत नाही. हे चरित्र जमाखर्चाच्या वहीप्रमाणे दोन्ही बाजूंनी वाचावयास हवे.

न्यूटनचा जन्म इंग्लंडच्या लिंकनशायर परगण्यातील वूल्सथॉर्प या खेड्यात झाला. तेव्हाच्या इंग्रजी पंचांगाप्रमाणे तो दिवस १६४२ च्या नाताळाचा. आजच्या कालगणनेनुसार ४ जानेवारी १६४३. वडील तीन महिने आधीच वारले होते. त्यांना स्वत:ची सहीदेखील करता येत नसे. परंतु दगडी घर, जमीनजुमला आणि मेंढरांचे कळप असा बऱ्यापैकी संसार ते मागे ठेवून गेले होते. न्यूटन तीन वर्षांचा असताना आईने एका धर्मोपदेशकाशी दुसरा विवाह केला आणि मुलगा आजीपाशी राहिला. हे सावत्र वडील १६५३ साली वारले, तेव्हा आई तीन मुले घेऊन वूल्सथॉर्पला परतली. सावत्र वडिलांनी टिपणांसाठी बांधून घेतलेली एक जाडजूड वही न्यूटनच्या वाट्याला आली. तिची बहुतेक पाने कोरीच होती. कागद महाग असण्याच्या त्या काळात हा वारसा लहान नव्हता.

ग्रँटहॅमच्या शाळेतून काढून आईने त्याला शेतीच्या कामाला लावून पाहिले. तो प्रयोग साफ फसला. मेंढरे आणि डुकरे दुसऱ्यांच्या रानात शिरली व कुंपणाची डागडुजी झाली नाही, म्हणून न्यूटनला झालेल्या दंडाची नोंद १६५९ च्या गावदप्तरात आहे. अखेर मामा आणि शाळेचे मुख्याध्यापक यांनी आईची समजूत घातली आणि १६६१ च्या जूनमध्ये तो केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयात दाखल झाला. आई सधन असूनही त्याने प्रवेश घेतला तो अध्यापकांची व धनिक विद्यार्थ्यांची चाकरी करून शिकणाऱ्यांच्या वर्गात. आपल्याकडे वार लावून शिकणाऱ्या मुलांच्या जवळपासचीच ही पायरी. तशा स्थितीतही तो सहाध्यायांना उसने पैसे देई आणि त्याचा हिशेब काटेकोर ठेवी.

१६६४ च्या एप्रिलमध्ये महाविद्यालयाने त्याला शिष्यवृत्ती दिली. ही घटना सफरचंदाइतकी प्रसिद्ध नाही. तथापि पुढे जे घडले त्याचा पाया तीच होय. चाकरी सुटली, निर्वाहाची चिंता मिटली आणि आणखी काही वर्षांची उसंत हाती आली. देकार्तची भूमिती आणि जॉन वॉलिसचे अनंत श्रेढींवरील गणित त्याने याच सुमारास आत्मसात केले, आणि निसर्गाविषयी पडलेल्या प्रश्नांची एक स्वतंत्र टिपणवही सुरू केली. द्विपद प्रमेयाचा व्यापक विस्तार त्याला सापडला तो १६६४-६५ च्या हिवाळ्यात, म्हणजे विद्यापीठ बंद होण्यापूर्वी. प्लेगची साथ केंब्रिजला पोचली, तेव्हा न्यूटन प्रारंभाच्या रेषेवर उभा नव्हता. त्याची धाव केव्हाच सुरू झाली होती.

१६६५ च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये प्लेगने कहर मांडला. मृत्यूंच्या सरकारी तक्त्यांत त्या वर्षी प्लेगचे म्हणून ६८,५९६ बळी नोंदले गेले. प्रत्यक्षातली संख्या लाखाच्या घरात असावी, असे इतिहासकार मानतात. राजा दरबारासह शहर सोडून गेला, ऐपतदार व्यापारी गेले, पार्लमेंटचे अधिवेशन ऑक्सफर्डला भरले. ज्यांना जाण्यासारखे दुसरे घर नव्हते, ते राहिले. घरात एक रोगी आढळला की सारे कुटुंब आत कोंडले जाई, दारावर तांबडा क्रूस रंगविला जाई आणि बाहेर पहारेकरी उभा राही. मुदत चाळीस दिवसांची. साथीच्या काळात घरी बसणे या एकाच शब्दप्रयोगात असे दोन अर्थ दडलेले होते: लंडनच्या गल्लीतले बंद दार आणि वूल्सथॉर्पची मोकळी शेते.

७ ऑगस्ट १६६५ रोजी ट्रिनिटीने सर्वांना रजा दिली. न्यूटन त्याआधीच निघाला होता. त्याचा एकांतही अखंड नव्हता. १६६६ च्या मार्चमध्ये तो केंब्रिजला परतला, जूनमध्ये साथ उलटल्याने पुन्हा घरी गेला आणि १६६७ च्या एप्रिलमध्ये कायमचा परत आला. कोणते काम नेमके कोठे झाले, हे सांगणे म्हणूनच सोपे नाही. पण जे झाले ते थक्क करणारे आहे. लिंकनशायरमधल्याच बूथबी या गावी बसून त्याने अपास्ताखालील क्षेत्रफळ बावन्न अंकांपर्यंत हाताने मोजले. सावत्र वडिलांच्या त्या वहीची कोरी पाने आकडेमोडीने भरत गेली. बदलत्या राशींचा वेग आणि वक्राखालचे क्षेत्रफळ हे दोन प्रश्न एकमेकांचे व्यस्त आहेत, ही कलनशास्त्राची मूळ कल्पना त्याने १६६६ च्या ऑक्टोबरमध्ये एका निबंधात पद्धतशीर मांडली. लोलकातून पडणाऱ्या रंगपटाचा अभ्यास याच काळात सुरू झाला. झाडावरून फळ पाडणारे बळ चंद्रापर्यंत पोचत असेल काय, हा प्रश्नही त्याने स्वत:ला घातला आणि गणित करून पाहिले. पृथ्वीच्या आकाराचे हाताशी असलेले माप चुकीचे असल्याने उत्तर जवळपास जुळले, नेमके जुळले नाही. कागद बाजूला पडले.

आता खर्चाचे पान. या दोन वर्षांचा खर्च कोणी भरला? न्यूटनला पगाराची नोकरी नव्हती, म्हणून ती जाण्याचे भयही नव्हते. घर आईचे, उत्पन्न जमिनीचे, राबणारे हात गडी-मोलकरणींचे. स्वयंपाक, दुखणी-बाणी, लहान भावंडे यांतले काहीच त्याच्या वाट्याला येत नव्हते. त्याला स्वत:ची खोली होती आणि तेथे तो काय करतो हे विचारणारा कोणी नव्हता. महाविद्यालयाची शिष्यवृत्ती चालू होती. साथ ओसरल्यावर परत जाण्याची जागा ठरलेली होती. त्याची बुद्धी अलौकिक होती, यात शंका नाही. परंतु अलौकिक बुद्धीलाही भांडवल लागते, आणि ते भांडवल वूल्सथॉर्पच्या कष्टकऱ्यांच्या श्रमातून येत होते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट उत्पादनाची. १६६७ च्या वसंतात न्यूटन केंब्रिजला परतला, तेव्हा जगाला दाखविण्यासारखे त्याच्या हाती काय होते? छापलेले एक अक्षरही नव्हते. ऑक्टोबर १६६६ चा तो निबंध प्रत्यक्ष छापून यावयास विसावे शतक उजाडावे लागले. रंगांविषयीचा लेख १६७२ साली रॉयल सोसायटीपुढे आला आणि प्रकाशावरील ग्रंथ १७०४ साली. गुरुत्वाकर्षणाची कथा तर अधिकच बोलकी आहे. १६७९-८० मध्ये रॉबर्ट हूकशी झालेल्या पत्रव्यवहाराने त्याला ग्रहगतीच्या प्रश्नाकडे वळविले. १६८४ च्या ऑगस्टमध्ये एडमंड हॅली केंब्रिजला येऊन ग्रहांच्या कक्षेविषयी प्रश्न विचारता झाला, तेव्हा कोठे न्यूटनने नेटाने लेखणी उचलली. ‘प्रिन्सिपिया’ १६८७ साली प्रसिद्ध झाला. माशांवरील एका सचित्र ग्रंथाच्या छपाईत रॉयल सोसायटीची तिजोरी रिकामी झाली होती; त्यामुळे न्यूटनच्या ग्रंथाचा खर्च हॅलीने पदरचा केला. सफरचंद आणि सिद्धान्त यांच्यामध्ये वीस वर्षे, एक प्रतिस्पर्धी, एक मित्र आणि त्या मित्राचा खिसा एवढे अंतर होते.

मग चमत्काराच्या वर्षांची आख्यायिका आली कोठून? तिचा मुख्य आधार खुद्द न्यूटनच आहे, आणि तोही वृद्ध न्यूटन. कलनशास्त्र प्रथम कोणी शोधले यावरून लायब्निट्झशी त्याचा कडवट वाद जुंपला होता. लायब्निट्झचा लेख १६८४ साली छापला गेला होता. न्यूटनची टिपणे पेटीत पडून होती. अग्रहक्क सिद्ध करण्यासाठी, १७१८ च्या सुमारास, त्याने आपले सर्व प्रमुख शोध प्लेगच्या त्या दोन वर्षांत नेऊन बसविले. त्याने खोटे सांगितले असे नव्हे. वहीतल्या नोंदी त्याच्या बाजूने बऱ्याच अंशी साक्ष देतात. पण बियाणे पडले तोच दिवस त्याने सुगीचा म्हणून सांगितला. ज्या शेतीत त्याचे कधी मन रमले नाही, तिच्या जाणकारांनी ही चूक केली नसती.

मोजूनमापून करावयाचे काम न्यूटनला समजत नव्हते असेही नाही. १६९६ साली तो लंडनच्या टांकसाळीत अधिकारी म्हणून रुजू झाला आणि १६९९ मध्ये तिचा प्रमुख बनला. झिजलेली, कातरलेली चांदीची नाणी गोळा करून नवी पाडण्याचे प्रचंड काम तेव्हा चालू होते. किती घोडे, किती माणसे, दर मिनिटाला छाप्याचे किती ठोके, याचा त्याने बारकाईने हिशेब मांडला. १७१७ च्या अहवालात त्याने चीन, जपान व हिंदुस्थान येथील सोन्या-चांदीच्या भावांचे गुणोत्तर युरोपशी ताडून चांदी पूर्वेकडे का ओढली जाते हे दाखविले. त्यानंतर गिनीची किंमत एकवीस शिलिंग ठरली, चांदी देशाबाहेर जात राहिली आणि इंग्लंड व्यवहारत: सुवर्णचलनाकडे सरकले. टांकसाळीतले काम ठोक्यांत मोजता येत होते. १६६६ मधले काम तसे मोजावयास कोणी बसला असता, तर हाती आलेले उत्पन्न शून्य, असाच शेरा त्याला मारावा लागला असता.

मार्च १७२७ मध्ये, रॉयल सोसायटीचा अध्यक्ष असताना, न्यूटन वारला आणि वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये त्याचे दफन झाले. त्याच्या आयुष्याचा आधार घेऊन साथीच्या काळातील कामाविषयी काही सांगावयाचे असेल, तर ते घरी बसलेल्यांना नव्हे, घरी बसविणाऱ्यांना सांगितले पाहिजे. २०२० साली मुंबईच्या एका खोलीत पाच-सात माणसे आणि एक मोबाइल यांच्या आधाराने ज्या मुलाने परीक्षेचा अभ्यास केला, त्याच्यापुढे न्यूटनचा आदर्श ठेवणे ही क्रूर थट्टा होती. चूल, आजारी सासरे आणि कचेरीचे काम ही तिन्ही एकाच वेळी सांभाळणाऱ्या स्त्रीला तर तो दाखला लागूच पडत नव्हता. पुढली साथ कधी येईल हे कोणी सांगू शकत नाही. येईल एवढे निश्चित. त्या वेळी लोकांकडून प्रतिभेची अपेक्षा करण्याआधी समाजाने उत्पन्नाची हमी, डोक्यावर पुरेसे छप्पर आणि परत जाण्याची राखून ठेवलेली जागा, या तीन गोष्टींची तजवीज करावी. न्यूटनला त्या जन्माने आणि शिष्यवृत्तीने मिळाल्या होत्या. त्या मिळूनही एखाद्याच्या हातून त्या दोन वर्षांत काहीच झाले नाही, तर त्याला आळशी ठरविण्याची घाई करू नये. १६६७ साली न्यूटनकडे पाहूनही कोणाला वेगळे काही दिसले नसते.