कारागिरांचे प्राध्यापक : त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर

छत्रपती शिवाजी महाराजांच्या १६६४ व १६७० च्या स्वाऱ्यांमुळे सुरत हे नाव मराठी माणसाच्या कानावर लहानपणापासून पडलेले असते. मोगल साम्राज्याचे ते सर्वांत संपन्न बंदर होते. परंतु सुरतेचे वैभव केवळ जहाजांतून आलेल्या मालावर उभे नव्हते. किनखाब आणि जर विणणारे, रेशीम रंगविणारे, हस्तिदंत कोरणारे आणि जहाजे बांधणारे कारागीर हा त्या वैभवाचा खरा पाया होता. पुढे तापीचे मुख गाळाने भरत गेले आणि मुंबईचा उदय झाला. लवजी नसरवानजी वाडिया हे सुरतेचे जहाजबांधणीतील निष्णात गृहस्थ १७३६ साली मुंबईच्या गोदीसाठी नेण्यात आले, तेव्हा शहराची विद्याही शहर सोडून जाऊ लागली होती. १८३७ च्या प्रचंड आगीने तर सुरतेचा मोठा भाग बेचिराख केला.

या पडत्या काळातच सुरतेत नव्या ज्ञानाची चाहूल लागली. १८४४ मध्ये दुर्गाराम मेहताजी यांनी तेथे मानवधर्म सभा स्थापन केली. त्या कार्यात त्यांचे जोडीदार होते सुरतेच्या इंग्रजी शाळेत अध्यापन करणारे मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर. हेच दादोबा पुढे मुंबईस उपयुक्त ज्ञानप्रसारक सभेचे अध्यक्ष झाले. १८४८ मध्ये एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या या चळवळीच्या मराठी व गुजराती शाखांतून विज्ञानाच्या नाना विषयांवर देशी भाषांत व्याख्याने होऊ लागली. दिवसभर कामधंदा करणाऱ्या सामान्य नागरिकाला शास्त्राचा परिचय व्हावा, हा या व्याख्यानांमागील हेतू होता आणि तो बऱ्याच अंशी सफलही झाला. तथापि व्याख्यान ऐकून घरी परतलेल्या रंगाऱ्याचे रंगाचे कुंड पूर्वीचेच राहत असे. ऐकलेले शास्त्र आणि हातातील काम यांच्यामध्ये जे अंतर उरले होते, ते तोडण्याचा ज्यांनी आयुष्यभर प्रयत्न केला, त्यांत प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांचे स्थान अग्रभागी आहे.

त्रिभुवनदासांचा जन्म १८६३ साली सुरतेत वैश्य सुतार जातीच्या कुटुंबात झाला. गज हाती धरून बांधकामाची मापे ठरविणारा तो गजधर, आणि त्यावरूनच गज्जर हे नाव रूढ झाले असे मानतात. त्यांचे वडील कल्याणदास बांधकाम व शिल्पशास्त्र यांचे जाणकार होते. त्यामुळे करवत, रंधा आणि नकाशा यांच्या सहवासात वाढलेल्या या मुलाला हातांनी काम करणाऱ्या माणसाची बुद्धी कमी प्रतीची नसते, हे कोणी शिकविण्याची आवश्यकता नव्हती. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात त्यांनी रसायनशास्त्राचे अध्ययन केले. त्या काळी उच्च पदवी घेतलेल्या तरुणापुढे वकिली आणि सरकारी नोकरी हे दोन राजमार्ग मोकळे असत. गज्जरांचे मन मात्र आपल्या जन्मगावी तंत्रशिक्षणाची एक संस्था काढावी या विचाराने भारले होते. सुरतेतील कारागिरांची हलाखी त्यांनी पाहिली होती, आणि तिचे कारणही त्यांना रसायनशास्त्रातून उमगले होते.

हे कारण थोडे विस्ताराने पाहणे आवश्यक आहे. १८५६ मध्ये विल्यम पर्किन यांनी इंग्लंडमध्ये पहिला महत्त्वाचा कृत्रिम रंग तयार केला. १८६८-६९ च्या सुमारास ग्रेबे व लीबरमान या जर्मन शास्त्रज्ञांनी डांबरापासून मिळणाऱ्या द्रव्यापासून अलिझरिन बनविले. मंजिष्ठाच्या मुळीतील तांबडा रंग देणारे द्रव्य ते हेच. शतकानुशतके शेतात पिकणारा रंग आता कारखान्यात तयार होऊ लागला. स्वस्त विलायती रंगांच्या पुड्या हिंदुस्थानच्या बाजारात आल्या आणि रंगाऱ्यांनी त्या घेतल्याही, पण त्या वापरण्याचे शास्त्र पुडीबरोबर आले नव्हते. अलिझरिन तुरटीच्या संस्काराने तांबडे होते, तर लोहक्षाराच्या संस्काराने जांभळट वा काळसर छटा देते. रंग धाग्याला धरून राहावा यासाठी अशा क्षारांचा संस्कार आधी नेमक्या प्रमाणात करावा लागतो. कोणत्या रंगाला कोणता संस्कार, हे ठाऊक नसेल तर रंग फिका पडतो, विटतो, आणि दोष मात्र रंगाऱ्याच्या हाताला येतो. पिढीजात कौशल्य निरुपयोगी ठरले नव्हते. त्याला नव्या ज्ञानाची जोड मिळाली नव्हती, एवढेच.

सुरतेतील संस्थेसाठी पुरेसे द्रव्यबळ उभे राहू शकले नाही. गज्जरांनी बडोदा कॉलेजात रसायनशास्त्राचे अध्यापकपद स्वीकारले आणि तेथे त्यांच्या मनोरथांना राजाश्रय लाभला. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी जन्मलेले महाराज सयाजीराव गायकवाड हेही १८६३ सालचेच. प्रजेच्या उद्धारासाठी शिक्षण हे पहिले साधन मानणारा हा समवयस्क राजा आणि कारागिराच्या घरचा हा प्राध्यापक यांच्या भेटीतून जून १८९० मध्ये बडोद्याचे कलाभवन साकार झाले. पुण्यास १८५४ पासून अभियांत्रिकीचे शिक्षण सुरू होते आणि मुंबईत १८८७ मध्ये व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट स्थापन झाली होती. कलाभवनाचे वैशिष्ट्य असे, की तेथे तंत्रविद्या देशी भाषेतून शिकविण्याचा निश्चय करण्यात आला. यंत्रविद्या, रंगविद्या, स्थापत्य आणि चित्रकला अशा शाखांतून सुताराचा मुलगाही इंग्रजीचा अडसर न येता शिकू शकेल, ही गज्जरांची दृष्टी होती.

परंतु देशी भाषेतून शिकवायचे तर पुस्तके हवीत, आणि पुस्तकांसाठी शब्द हवेत. महाराजांच्या आश्रयाने श्री सयाजी ज्ञानमंजूषा ही ग्रंथमाला आखण्यात आली. गुजरातीचे श्रेष्ठ कवी मणिशंकर रत्नजी भट्ट, म्हणजे ‘कान्त’, हे कलाभवनात अध्यापक होते आणि ग्रंथरचनेच्या या उद्योगात त्यांचाही हात होता. कवी आणि रसायनज्ञ एका छपराखाली बसून यंत्रांची व द्रव्यांची नावे ठरवीत आहेत, हे दृश्य त्या काळाच्या उमेदीचे द्योतक आहे. निरनिराळ्या भारतीय भाषांना समान असा शास्त्रीय परिभाषेचा कोश व्हावा, ही गज्जरांची आकांक्षा होती. काशीच्या नागरी प्रचारिणी सभेने १९०६ मध्ये जो हिंदी वैज्ञानिक कोश सिद्ध केला, त्या उपक्रमाशीही त्यांचा संबंध आला. रंगाऱ्यांच्या उपयोगासाठी त्यांनी ‘रंगरहस्य’ नावाचे त्रैमासिक चालविले. ज्या हाताला रंग लागलेला आहे, त्या हातात मासिक पडावे, ही कल्पनाच त्या काळी अभिनव होती.

कलाभवनाच्या पहिल्याच काळात त्र्यंबकेश्वरचा एक तरुण तेथे दाखल झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून आलेल्या या तरुणाने तेथे चित्रकलेबरोबर छायाचित्रण, मूर्तिकाम व वास्तुकला यांचा अभ्यास केला. त्याची बहुविध बुद्धी गज्जरांनी ओळखली आणि छायाचित्रणाचे दालन त्याच्या हाती सोपविले. हे होते धुंडिराज गोविंद फाळके. १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ निर्माण करताना दादासाहेबांनी रसायन, यंत्र आणि कला यांचा जो मेळ घातला, त्याचे धडे त्यांनी बडोद्यात गिरविले होते.

इतके होऊनही गज्जर कलाभवनात फार काळ राहिले नाहीत. शास्त्राचे सखोल अध्ययन, प्रयोगशाळा आणि त्यांतून उभे राहणारे उद्योग, अशी त्यांची योजना होती. दुसऱ्या बाजूने, विद्यार्थ्याला लवकर हाताला काम मिळवून देणारे शिक्षण हवे, सरकारी खर्चाचे फळ प्रत्यक्ष दिसावे, असा आग्रह धरला जाऊ लागला. दोन्ही बाजूंत तथ्य होते. उपाशी कारागीर दहा वर्षे थांबू शकत नाही, हे जितके खरे, तितकेच शास्त्राविना शिकविलेली कारागिरी पुढच्या नव्या शोधाबरोबर पुन्हा मागे पडते, हेही खरे. हा मतभेद मिटला नाही. १८९६ मध्ये गज्जरांनी बडोदा सोडले आणि ते मुंबईस आले. पुढच्याच वर्षी जर्मनीत कृत्रिम निळीचे व्यापारी उत्पादन सुरू झाले आणि हिंदुस्थानातील निळीच्या लागवडीला उतरती कळा लागली, ही घटना गज्जरांच्या इशाऱ्याची साक्ष देणारी ठरली.

मुंबईत त्यांनी विल्सन कॉलेजात अध्यापन केले. प्लेगच्या थैमानात आयोडीनच्या एका संयुगाचा उपचार त्यांनी पुढे आणला. त्यांचे नाव घरोघर झाले ते मात्र एका वेगळ्याच प्रसंगाने. बडोद्याच्या खंडेराव महाराजांच्या देणगीतून १८७२ मध्ये मुंबईत राणी व्हिक्टोरियाचा संगमरवरी पुतळा उभारला होता. १८९६ च्या ऑक्टोबरात त्याला डांबर फासले गेले. हे कृत्य पुण्याच्या चापेकर बंधूंचे होते, हे पुढे उघड झाले. सच्छिद्र दगडात मुरलेले डांबर निघता निघेना. इतरांनी हात टेकल्यावर गज्जरांनी रासायनिक प्रक्रियेने पुतळा पूर्ववत शुभ्र करून दाखविला. हाच पुतळा पुढे भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात नेण्यात आला.

शतक पालटण्याच्या सुमारास गिरगावात त्यांनी टेक्नो-केमिकल लॅबोरेटरी स्थापन केली. विद्यापीठातील पदवीधर व प्रत्यक्ष धंद्यातील माणसे यांना एकत्र आणणारी खाजगी प्रयोगशाळा हा तेव्हा दुर्मिळ प्रकार होता. आखाती मोत्यांचा पिवळसरपणा घालवून त्यांना शुभ्र करण्याची युक्ती त्यांनी शोधली. तिने त्यांना विपुल द्रव्य दिले आणि कोर्टकज्जेही दिले. गज्जरांच्या प्रेरणेने कोटिभास्कर आणि भाईलाल अमीन यांनी परळ येथे लहान प्रमाणावर आरंभलेल्या उद्योगातून १९०७ साली अलेम्बिक केमिकल वर्क्स ही कंपनी उभी राहिली आणि बडोद्यात नावारूपास आली. बंगालमध्ये प्रफुल्लचंद्र राय यांनी जे कार्य केले, त्याचीच ही पश्चिम हिंदुस्थानातील आवृत्ती होय. मराठी आणि गुजराती माणसांचे हे सहकार्य गज्जरांच्या एकूण जीवनाला साजेसेच होते.

१९१४ मध्ये महायुद्ध पेटले, जर्मन रंगांची आवक थांबली आणि रंगांचे भाव कडाडले. परदेशी पुडीवर विसंबलेल्या कापडधंद्याला आपले परावलंबन तेव्हा कळून आले. गज्जर पंचवीस वर्षे हेच सांगत आले होते. १९२० साली त्यांचे निधन झाले.

कलाभवन १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठात विलीन होऊन त्याची तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखा बनले. ज्या सुरतेत गज्जरांना आपली संस्था काढता आली नाही, ते शहर पुढे कापड, जर आणि हिऱ्यांच्या उद्योगाने देशात अग्रेसर ठरले. देशी भाषेतून उच्च तंत्रशिक्षण देण्याचे त्यांचे स्वप्न मात्र अपुरेच राहिले. व्याख्यानाने जिज्ञासा जागी होते. ती टिकते ती पुस्तकाने, आणि फळास येते ती प्रयोगाने. या तिन्ही पायऱ्या कारागिराच्या स्वतःच्या भाषेत बांधण्याचा गज्जरांनी यत्न केला. सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बोर्डन यांना बोलावून बडोदे राज्यात ग्रंथालयांचे जे जाळे विणले, त्यामागेही हीच श्रद्धा होती. काम करणाऱ्या माणसाला हवे ते पुस्तक त्याच्या भाषेत, त्याच्या सवडीच्या वेळी मिळावे, हे प्रत्येक सार्वजनिक ग्रंथालयाचे ध्येय आहे. त्या ध्येयाच्या पूर्वसूरींत सुरतेच्या या सुतारपुत्राची गणना कृतज्ञतेने केली पाहिजे.