संशोधक बाबासाहेब

डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हटले की चवदार तळे आणि राज्यघटना डोळ्यांसमोर उभी राहते. मला येथे संशोधक बाबासाहेबांविषयी लिहावयाचे आहे.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे सुभेदार रामजींच्या घरी त्यांचा जन्म झाला. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. ९ मे १९१६ रोजी तेथे त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. जातीतच लग्न करण्याच्या बंधनात जातिसंस्थेचे मूळ आहे, असे त्यांनी मांडले. वय अवघे पंचवीस! पुढच्याच वर्षी तो निबंध ‘इंडियन अँटिक्वेरी’ या संशोधनपत्रिकेत छापून आला.

परंतु बाबासाहेब केवळ ग्रंथालयात रमले नाहीत. २० मार्च १९२७ रोजी आमच्याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, महाडला त्यांनी सत्याग्रह केला. पुढे १९२८ मध्ये मुंबई सरकारने अस्पृश्य व आदिवासींच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी स्टार्ट समिती नेमली. बाबासाहेब तिचे सभासद होते. समितीने साक्षी घेतल्या व १९३० साली अहवाल दिला. कोणी जमीन घेतली, चांगले कपडे घातले किंवा नवरदेवाला घोड्यावरून मिरवले, एवढ्यावरूनही गाव बहिष्कार घाली, वाट बंद करी, वाण्याचे दुकान बंद करी, असे त्यात नमूद आहे. हाच पुरावा घेऊन बाबासाहेब लंडनच्या गोलमेज परिषदेत उभे राहिले. बहिष्कार हा शिक्षापात्र गुन्हा ठरवावा, अशी मागणी त्यांनी रावबहादूर श्रीनिवासन यांच्यासह केली.

६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला तो २०१६ साली. जातपंचायती आणि गावकीने वाळीत टाकल्याच्या ज्या तक्रारींमुळे तो करावा लागला, त्यांत आमचा रायगड जिल्हा पुढे होता, ही खेदाची गोष्ट आहे.

माझी आजी तिच्या माहेरची हकीकत सांगते. तेथे एका घराला वाळीत टाकले होते. त्यांच्याकडे मयत झाली तरी खांदा द्यायला कोणी गेले नाही. या गोष्टीची नोंद कोठेच नाही. न्हावा शेव्यात आज जगभरची जहाजे लागतात, पण वाळीत हा शब्द अजून दबक्या आवाजातच उच्चारला जातो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. बाबासाहेबांचे वाचून मला एवढे उमगले, की सोसलेले दुःख तारीखवार लिहिले तरच ते कायद्यापुढे उभे राहते. म्हणून यंदा सुट्टीत गावोगावच्या म्हाताऱ्या माणसांकडे वही घेऊन बसायचे मी ठरवले आहे.